पळसाच्या पानांचा नवरा

बारामती,
२० नोव्हेंबर १९३६

सौ. द्वारकाअक्का हिस विजूचा नमस्कार.

दिवाळीची चोळी पोचली. दंडाला घट्ट होते, पण घातली. मावशीच्या हातचा टाका दिसला की शेळगावचं आजोळ आठवतं. मामा गेल्यापासून तिकडं पाऊल पडलं नाही.

अक्का, आमच्या घरात एक गोष्ट ठरली आहे, आणि ती मला सोडून सगळ्यांना ठाऊक होती. ह्यांना घर सोडून बारा वर्षं झाली. थोरल्या भावाशी, सर्जेराव भावजींशी, उसाच्या पाण्यावरून भांडले, मुंबईला गेले, बोटीवर कोळसा टाकायचं काम धरलं. एडनहून एक पत्र आलं, पुढं काही नाही. तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण नवऱ्याविषयी माझ्याजवळ एवढंच आहे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, मी सोळाची होते.

परवा आत्याबाईंनी मला चुलीपाशी बसवून घेतलं. म्हणाल्या, "पोरी, माजा संभा रोज सपनात येतो. नदीच्या काठाला हुबा ऱ्हातो न् पानी मागतो. जित्या मानसाला अशी तहान लागत न्हाय. त्याला वाटंला लावू दे."

मी म्हटलं, "आन् ते आलं तर, आत्याबाई?"

"यायचा आसता तर तुज्यासाठी तरी आला आसता की."

सासू वाईट नाही, अक्का. लेकाला पाणी मिळावं एवढंच तिला हवं आहे. शास्त्रीबुवांनी सांगितलं की बारा वर्षं वाट पाहिली, आता माणूस गेला असं धरायचं, त्याचा पुतळा करून रीतीप्रमाणं जाळायचा आणि दिवस घालायचे. येत्या अमावास्येला नेमलं आहे. पुतळा जळाला की माझं कुंकू पुसणार.

तुझ्या मोहनरावांच्या ओळखीचं मुंबईच्या गोदीत कोणी असेल तर चौकशी होईल का? ते जिवंत असावेत असं मला वाटतं, की मी विधवा होऊ नये असं वाटतं, हे माझं मलाच उलगडत नाही. त्यांचा चेहरा आठवत नाही. खाकरण्याचा आवाज तेवढा आठवतो.

तुझी
विजू


कारखान्याची वसाहत, ता. इंदापूर,
३० नोव्हेंबर १९३६

चि. सौ. विजूस द्वारकाचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. जित्या माणसाला जाळायला निघाले! ह्यांनी गोदीतल्या मित्राला त्याच दिवशी लिहिलं. उत्तर अजून नाही. हंगाम सुरू झाल्यामुळं हे दिवसभर उसाच्या रसाची परीक्षा करण्याच्या खोलीत असतात आणि घरी येतात ते मळीचा वास घेऊन.

पण मी काय केलं ते ऐक. यंत्रं बसवायला परदेशातून जो इंजिनियर आला आहे त्याची बायको मार्टा मडम मला विणकाम शिकवते. तिच्याजवळ पत्त्यांचा एक जोड आहे, टॅरो म्हणतात. आपल्या पत्त्यांसारखा खेळायचा नव्हे, भविष्य पाहायचा. मी तिला तुझी हकिकत सांगितली आणि पान काढ म्हटलं. तिनं माझ्याच हातानं काढवलं. पान उलटलं आणि मी खुर्चीतून उठलेच! पांढऱ्या घोड्यावर हाडांचा सापळा बसलेला, हातात काळं निशाण, घोड्यापुढं राजा मरून पडलेला आणि एक लहान मूल हातात फुलं घेऊन वर बघतंय. मरणाचं पान.

मडम हसली. तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "डरो मत. ये मरना नहीं. पुराना जाता, नया आता." आणि पानाच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं दोन बुरुजांमधून सूर्य उगवत होता. आणखीही बरंच बोलली, पण इंग्रजीत, आणि हे कारखान्यात होते. मला कळायचं ते कळलं. तुझे यजमान जिवंत आहेत आणि ते येणार.

तू पाय रोवून उभी राहा, विजू. कुंकवाला कोणाचा हात लागू देऊ नकोस.

तुझी
द्वारकाअक्का


बारामती,
१८ डिसेंबर १९३६

अक्का,

झालं सगळं.

तू लिहिलंस तशी उभी राहिले. ओसरीवर चार माणसांदेखत म्हटलं, वर्षभर थांबा, मुंबईला चौकशी चालू आहे. तुझ्या मडमेचं पानसुद्धा सांगून बसले. भावजी म्हणाले, "पत्ते कुटून मानसं जित्ती व्हायला लागली तर मसनवट्यात ऊस लावू." सगळे हसले. आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

पुतळ्याला नारळाचं डोकं केलं. अंग पळसाच्या पानांचं, लोकरीच्या धाग्यानं बांधलेलं, वरून जवाच्या पिठाचा लेप. उंची ह्यांच्याएवढी हवी होती, पण ती किती हे सख्ख्या भावाला आठवेना. शेवटी आत्याबाईंनी दाराच्या चौकटीवर एका जागी हात ठेवून दाखवला. मग कऱ्हेच्या काठी नेला. नारळ फुटला तेव्हा बायकांनी गळा काढला. मला रडू येईना, म्हणून शेजारच्या फुलाबाईनं मला चिमटा काढला. बांगड्या तिनंच फोडल्या. स्वतः विधवा, हातात सवय. म्हणाली, "हात ढिला सोड गं, काच लागंल."

आता जे लिहिते त्याची लाज वाटते. त्या दिवशी मी पोटभर जेवले. दार वाजलं तरी कान तिकडं गेले नाहीत, आणि असं बारा वर्षांत पहिल्यांदा झालं.

तुझ्याकडं एक काम आहे. इथल्या दवाखान्यात पुण्याहून शिकून आलेली नर्सबाई आहे. ती म्हणते, पुण्याला एका संस्थेत विधवांना हे काम शिकवतात, राहायची सोयही असते. माझी मराठी सातवी झालेली आहे. भावजींना विचारलं तर चटकन हो म्हणाले. सवाशीण असते तर उंबऱ्याबाहेर सोडलं नसतं. संस्थेला चांगल्या माणसाची शिफारस लागते. मोहनरावांच्या नावानं अर्ज जाऊ दे, उत्तरही तुमच्याच पत्त्यावर येऊ दे.

विजू


कारखान्याची वसाहत,
२८ डिसेंबर १९३६

विजू,

वर काय लिहावं ह्यातच बराच वेळ गेला. हे म्हणाले, "गं. भा. लिही, रीत आहे." माझा हात चालेना. नुसतं विजू लिहिलं आहे, चालवून घे.

मुंबईहून उत्तर आलं. गोदीत त्या नावाचं कोणी कोणाला आठवत नाही. पुण्याचं मात्र काम झालं! जागा आहे, फेब्रुवारीत रुजू व्हायचं. कागद माझ्या पेटीत ठेवले आहेत.

नाताळला मडमेकडं गेले होते. तिच्या देशातलं झाड इथं कुठून मिळणार? सुरूची एक फांदी तोडून बादलीत रोवली होती, तिला कापूस चिकटवून मेणबत्त्या लावल्या होत्या. ती सांगत होती की तिच्याकडं ह्या दिवसांत सूर्य उगवतो न उगवतो तोच मावळतो. जुन्या काळी लोकांना वाटायचं, सूर्य मेला. मग तो परत जन्मावा म्हणून जाळ करायचे, दिवे लावायचे. देवाच्या बाळाचा जन्म त्याच दिवसांत आला. मी म्हटलं, आमची संक्रांत तरी दुसरं काय आहे? सूर्य वळतो, दिवस तिळातिळानं वाढतो. मग मात्र मला राग आवरेना. म्हटलं, तुमचं पान खोटं निघालं, माझी बहीण विधवा झाली. ती म्हणाली, "रुको. अभी रुको."

संक्रांतीला इकडं ये. तिथं बायका सुगडी घेऊन एकमेकींना ववसायला, वाण द्यायला निघतील आणि तू आतल्या खोलीत बसशील, ते मला सोसणार नाही. माझ्या घरात असलं काही पाळत नाही.

द्वारकाअक्का


बारामती,
१७ जानेवारी १९३७

अक्का,

ते आले.

भोगीच्या दिवशी मी तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापत होते. दारात कोणी म्हणालं, "आय हाय का घरात?" आणि खाकरलं. माझ्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली.

आत्याबाई बाहेर गेल्या आणि किंचाळल्या. आधी भूत म्हणून, मग लेक म्हणून. धावत जवळ गेल्या, पण भावजींनी त्यांना मागं ओढून कानाशी म्हटलं, "शिवू नगंस आये! त्याचं दिस घातल्यात आपन." शास्त्रीबुवा आले. ते म्हणाले, ज्याची क्रिया झाली तो प्रेतच. शुद्धी होईपर्यंत त्याला घरात घ्यायचं नाही, घरच्या कोणी शिवायचं नाही. म्हणून ह्यांना कारण न सांगता गोठ्यात ठेवलं. बाहेर गावातल्या सवाशिणी एकमेकींना ववसत होत्या आणि ते बैलांपाशी पोत्यावर बसले होते. जेवण कोणी न्यायचं? भावजी माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हिचं आता काय बिगडायचं ऱ्हायलंय?"

मी भाकरी घेऊन गेले. गाल बसलेले, दाढी पिकायला लागलेली. त्यांनी माझ्या कपाळाकडं पाहिलं, हातांकडं पाहिलं.

"कुनाची गं तू? कोन गेलं घरातलं?"

"माजा नवरा गेला."

"कवा?"

"आमुशाला. नदीवर जाळला."

ते हळहळले. "कोन हुता?"

"संभाजी."

घास हातातच राहिला, अक्का. मग हलक्या आवाजात म्हणाले, "विजे?"

आफ्रिकेत मोंबासाला होते, रेल्वेच्या कारखान्यात. पत्र का नाही, असं विचारलं. "लिवनार हुतो," म्हणाले. "लिवनार लिवनार म्हनता लाज वाटाय लागली, मग ऱ्हाऊनच गेलं." तिथं एक बाई होती, ती वारली. हे त्यांनी आपणहून सांगितलं.

शास्त्रीबुवा म्हणतात, वाट आहे. मेलेला माणूस परत आला तर त्याला नव्यानं जन्माला घालायचं. न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, सगळे संस्कार पुन्हा. शेवटी लग्नही पुन्हा, त्याच बायकोशी. हे ऐकून मला आनंद झाला का, ते विचारू नकोस. पण त्या दिवशी मी उगाच दोनदा मनगट चाचपलं.

पुण्याचं तूर्त काही करू नकोस. असू दे तसंच.

विजू


कारखान्याची वसाहत,
२० जानेवारी १९३७

चि. सौ. विजूस, सौभाग्यवतीस, अनेक अनेक आशीर्वाद!

सांगितलं नव्हतं मी? पत्र हातात घेऊन अनवाणी मडमेकडं पळत गेले. ती नुसती हसली. मी सगळ्या आळीत गूळ वाटला.

सोबत मोटारवाल्याच्या हाती हिरवा चुडा पाठवते. तुझा हात आता बारीक झाला असेल, म्हणून एक माप लहान घेतला आहे. दुसऱ्या लग्नाची तारीख कळव. आम्ही दोघं येऊ, मामाच्या जागी उभे राहू.

पुण्याची काळजी करू नकोस. जागा नको असं मी त्यांना परवाच कळवलं. दुसऱ्या कोणा बिचारीला मिळेल.

तुझी
द्वारकाअक्का


बारामती,
२२ फेब्रुवारी १९३७

अक्का,

चुडा पोचला. तसाच बांधून ठेवला आहे.

तू पुण्याला नकार कळवलास. मी "असू दे" लिहिलं होतं. असू दे म्हणजे नको, असा अर्थ तू कसा घेतलास? पण तो राग पुढं कधी. आधी झालं ते ऐक.

गेल्या आठवड्यात त्यांचा जन्म झाला. अंगणात आडोसा बांधला. आत्याबाई बाळंतिणीसारख्या बाजेवर निजल्या. ह्यांना घंगाळात बसवून अंगभर तूप चोळलं, ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, धोतरात गुंडाळून त्यांच्या कुशीला ठेवलं. जिभेला मध लावला. बायकांनी पाळणा म्हटला. दाढीमिशा काढलेला तो बाप्या डोळे मिटून पडला होता, आणि आत्याबाई खऱ्याच रडत होत्या. मग कानात नाव सांगितलं. जुनं नाव जळालेलं, ते चालत नाही. महिपती ठेवलं.

मी हे सगळं परसातल्या दारातून बघितलं. बारशाला विधवा पुढं येत नाही.

लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा शास्त्रीबुवा म्हणाले, "तीच बायको. ती नसेल तर दुसरी." भावजींनी तेवढं "नसेल तर" उचललं. म्हणाले, "ही संभाजीची बायकू. संभाजीला आमी जाळला, समद्या गावानं बघितलं. ह्यो महिपती. ह्याचं लगीन कुठं झालंय?" इंदापूरकडची एक मुलगी बघून ठेवलेली आहे. सारजा नाव, सोळा वर्षांची. आत्याबाई मला म्हणाल्या, "तुला पोर न्हाय, बाळ न्हाय. तुज्यापायी त्यो येकदा गेला. परत न्हाय घालवायचा मला." शास्त्रीबुवा पोथी गुंडाळत राहिले.

तेव्हा मी पुढं झाले. म्हटलं, "मग माजा बी पुतळा करा. मला बी जाळा आन् नव्यानं न्हाऊ घाला."

शास्त्रीबुवा म्हणाले, "बाई, हा विधी स्त्रीला सांगितलेला नाही."

मग ह्यांनाच मी एकटी भेटले, विहिरीवर. म्हटलं, तुम्ही बोला. तुमच्या एका शब्दानं होईल. त्यांनी मान वर केली नाही.

"आय म्हनंल तसं. मी काय बोलू? मला जलमून आठ दिस न्हाईत झालं."

मला वाटलं, चेष्टा करतात. चेष्टा नव्हती. मग म्हणाले, "खरं सांगू? तुज्या कपाळाकडं बगितलं की मला मी मेलेला दिसतो."

लग्न फाल्गुनात आहे. पुरणाची डाळ माझ्याकडं दिली आहे.

विजू


कारखान्याची वसाहत,
२८ फेब्रुवारी १९३७

प्रिय विजू,

ह्यांनी इंदापूरच्या वकिलाला विचारलं. पुरुषानं दुसरी केली तर कायदा आडवा येत नाही. पोटगी मागता येईल, पण त्यासाठी तू त्यांची बायको आहेस हे त्यांनी कबूल करायला हवं.

मडमेशी भांडून आले. ह्यांना बरोबर नेलं होतं, म्हणून या वेळी तिचं इंग्रजी कळलं. ती म्हणाली, "मी बदल होईल म्हटलं होतं. चांगला होईल, असं म्हटलं नव्हतं." आणि त्या दिवशी जे मला कळलं नव्हतं ते हे, की हातात धरून ठेवलेलं सोडून दे, असं पान तुला सांगत होतं. तो येणार, असं ती म्हणालीच नव्हती. ते माझं मीच ऐकलं.

पुण्याला पुन्हा लिहिलं. यंदाची जागा भरली. पुढच्या जानेवारीत बघू म्हणतात.

तू माझ्याकडं ये. फक्त वैशाखात धाकट्या दिरांचं लग्न ह्याच घरात आहे, आणि सासूबाईंचं तुला ठाऊक आहे. तेवढं उरकलं की ये.

तुझी
द्वारकाअक्का


पुणे,
९ जानेवारी १९३८

अक्का,

इथं येऊन आठवडा झाला. आम्हाला पांढरी लुगडी दिली आहेत. सकाळी वॉर्डातली भांडी घासतो, दुपारी शिकवतात. काल वॉर्डात गेलेल्या एका बाईच्या तोंडावर चादर ओढायचं काम माझ्याकडं आलं. नीट ओढली, कोपरे आत दुमडले.

वैशाख उरकल्यावर तू बोलावलंस, आणि नंतरही दोनदा बोलावलंस. मी आले नाही. आले असते तर तुझ्या घरात कोणती खोली मला मिळाली असती, ह्याचा विचार करत राहिले. त्यावरून आता भांडायचं नाही.

तिकडची बातमी तुला ठाऊक नसेल. महिपतराव गेले. दसऱ्याचं सोनं वाटलं, आत्याबाईंच्या पाया पडले, बाजारातून येतो म्हणाले ते आलेच नाहीत. भावजींशी पुन्हा पाण्यावरूनच वाजलं होतं. सारजाला तेव्हा दिवस गेलेले.

ती पोर वाईट नाही. पहिल्या दिवशी नवी नवरी म्हणून माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा आत्याबाईंनी तिला दंडाला धरून उभं केलं होतं. पुढं पुढं कोणी नसलं की माझ्याजवळ येऊन बसायची. ते गेल्यावर तर सुटायचीच नाही. आत्याबाई रोज तिला म्हणायच्या, "रडतीस कशाला? यील की. मागं बी आलाच हुता."

मी निघाले त्या दिवशी भावजींनी गाडीवान दिला, पण स्टेशनावर कोणी आलं नाही. सारजा आली. पाण्याला जाते सांगून आली होती, घागर फलाटावर ठेवली. सातवा महिना, धाप लागलेली.

"ताई, ते येतील का?"

मी म्हटलं, "येतील. बारा वर्षांनी. तुजं कुंकू पुसल्यावर."

सतरा वर्षांच्या पोटुशी पोरीला मी हे म्हटलं, अक्का. ती रडली नाही. तिनं माझं मनगट धरलं. "मग मला बी संगं न्या. मी तितं भांडी घाशीन. म्हायेरी घेत न्हाईत मला."

कपाळावर कुंकू, गळ्यात डोरलं. इथं सवाशिणीला घेत नाहीत. मी तिला ते सांगितलं. तिला कळलं नाही. ती म्हणाली, "मग फोडते बांगड्या." आणि खरंच फलाटाच्या कठड्यावर हात उगारला. मी तो वरच्यावर धरला.

गाडीनं शिट्टी दिली. मी तिची बोटं एकेक करून माझ्या मनगटावरून सोडवली. नखं लागली होती. गाडी हलली तशी ती डब्याबरोबर चालू लागली, एका हातानं पोट सावरत. फलाट संपला तिथं थांबली. मी हात केला नाही. केला असता तर उतरले असते.

विजू